चित्रकलेच्या तासाला मुलांनी स्वतःचं चित्र काढावं यासाठी तुम्ही काय करता?

सांजसावली
नमस्कार मंडळी. मी निफाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. आठवी-नववीची मुलं, बहुतेक शेतकरी घरातली, द्राक्ष नाहीतर कांदा. दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला ग्रेड परीक्षांना मुलं बसवतो, त्यामुळे जूनपासूनच स्थिरचित्र, स्मरणचित्र (आठवणीतून काढायचं चित्र), संकल्पचित्र (नक्षीची रचना), भूमिती असा धडाका सुरू होतो.

तर झालं असं की स्मरणचित्राच्या सरावाला 'बाजार' हा विषय दिला. अख्ख्या वर्गात एकच चित्र! मधे मोठी छत्री, छत्रीखाली भाजीवाली, डावीकडे पिशवी घेतलेली पाठमोरी बाई, उजवीकडे तराजू धरलेला माणूस, मागे दोन झाडं. सरावाच्या पुस्तकातलं पान सगळ्यांनी पाठ केलेलं. मी वह्या बाजूला ठेवायला लावल्या आणि विचारलं, तुम्ही स्वतः बाजारात कशाला जाता? एक मुलगा म्हणाला, मॅडम आम्ही लिलावाला जातो. मग म्हटलं तेच काढ.

त्याने काढलं ते असं. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, ट्रॉलीत कांद्याच्या ढिगावर उभे त्याचे वडील, खाली व्यापाऱ्यांचा घोळका, एकाच्या हातात दोन कांदे. व्यापारी मोठे, वडील अगदी लहान आणि वडिलांना तोंडच नाही. शेजारच्या मुलीने विचारलं, काकांचं तोंड का नाही काढलंस? तर म्हणतो, भाव फुटेपर्यंत ते कोणाकडे बघतच नाहीत. त्यावर वर्गात जी चर्चा पेटली, की व्यापारी मोठे काढले ते बरोबर का चूक, वडील वर उभे आहेत तर ते लहान कसे दिसतील, भाव चांगला मिळाला असता तर चित्र बदललं असतं का... तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही.

मला असाच तास पुन्हा पुन्हा घ्यायचाय. मुलाच्या स्वतःच्या आयुष्यातून चित्र यावं आणि मग त्या चित्राला सगळ्यांनी प्रश्न विचारावेत. पण चित्रात ट्रॅक्टरचं मागचं चाक लंबुळकं झालंय, प्रमाण गंडलंय, परीक्षेच्या हिशोबाने ते कच्चं आहे. तुमच्यात कोणी असं शिकवत असेल, किंवा असं शिकवलं गेलं असेल, तर सविस्तर लिहा. विरोधही चालेल.

चिंगुताई
मस्त विषय. वाचतेय.

पोपटपंची
दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, शेजारी नारळाचं झाड आणि आकाशात इंग्रजी व्ही आकाराचे पक्षी. अख्ख्या महाराष्ट्राने एकाच सहलीला जाऊन हे बघितलंय बहुतेक.

वर्धेकर
@पोपटपंची, आमच्या वर्ध्यात नारळाचं झाड कोणी बघितलंय हो? पण मी सातवीपर्यंत दरेक चित्रात काढलंय.

माडाखालचो
आमच्या दारात दहा माड. आणि आम्ही काय काढायचो, तर बर्फाचे डोंगर आणि धुराडं असलेलं घर! बाय म्हणायची, ह्या घर कोणाचा रे?

खडूफळा
सांजसावली मॅडम, मी निवृत्त कलाशिक्षक. ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) करून सगळी हयात ड्रॉईंगच्या तासात गेली, त्यामुळे थोडं स्पष्ट लिहितो.

तुमच्या विद्यार्थ्याचं चित्र न बघताही मला आवडलं. पण 'स्वतःचं काढा, मनातलं काढा' एवढं सांगून शिक्षक मोकळा झाला, तर मुलाचं नुकसान होतं. त्या मुलाला चाक लंबुळकं नको होतं, त्याला ते गोलच दिसलं होतं. हात वळला नाही म्हणून ते तसं झालं. वर्तुळ तिरक्या कोनातून कसं दिसतं हे मी आठवीला महिनाभर शिकवायचो. पितळी तांब्या ठेवायचा, तोंडाचं वर्तुळ डोळ्यांच्या पातळीवर आणलं की सरळ रेघ दिसते, खाली नेलं की उघडत जातं, बुडाचं त्याहून जास्त उघडं दिसतं. हे एकदा डोळ्यात बसलं की तांब्या काय, ट्रॅक्टरचं चाक काय, विहिरीचा कठडा काय, सगळं येतं. हे न देता अभिव्यक्ती मागणं म्हणजे बाराखडी न शिकवता कविता लिही म्हणणं.

आणि ग्रेड परीक्षांना सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की या परीक्षा होत्या म्हणून खेड्यापाड्यातल्या शाळांत चित्रकलेला शिक्षक मिळाला, रंगपेटी मिळाली आणि कित्येक मुलांना आपण चित्र काढू शकतो हे पहिल्यांदा कळलं. त्यातली काही पुढे मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात गेली.

सहा_बी
खडूफळा सर, तुमचं पटतंय पण पूर्ण नाही. मी आत्ता बीएफएच्या (कलेच्या पदवीच्या) सीईटीची, म्हणजे प्रवेश परीक्षेची तयारी करतेय. तिथेही वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आहेच. क्लासमध्ये आम्हाला मानवाकृतींच्या 'पोझेस' पाठ करायला लावतात, बसलेला माणूस, वाकलेली बाई, सायकलवाला, पाठमोरा मुलगा. विषय काहीही येवो, हेच चौघे उचलून बसवायचे. रेल्वे स्टेशन आलं तरी तेच, जत्रा आली तरी तेच. माझा हात बराच तयार झालाय, पण पूर्ण मोकळा कागद समोर आला की काय काढू हेच सुचत नाही. हात आधी आणि मनातलं नंतर असं ठरवलं, तर ते 'नंतर' येतच नाही ना सर.

अद्वैताची_आई
मी पालक म्हणून लिहिते. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला ७ गुण, बी ला ५, सी ला ३. अकरावीच्या प्रवेशात पाव टक्क्यावरून कॉलेज हुकतं, तिथे ७ गुण ही साधी गोष्ट नाही. माझ्या मुलाला चित्रकला मनापासून आवडते असं नाही पण आम्ही क्लास लावला, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. फक्त एक खटकलं. परीक्षा झाली त्या संध्याकाळी त्याने रंग माळ्यावर टाकले आणि पुन्हा कधी काढले नाहीत. लहानपणी हाच मुलगा फरशीवर खडूने रेल्वेचं अख्खं जाळं काढायचा.

तळ्यात_मळ्यात
फरशीवरची रेल्वे जाते कुठे, हा प्रश्न कलाशिक्षणातला फार जुना प्रश्न आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचे शिक्षक होते, मूळचे ऑस्ट्रियाचे. मुलांच्या चित्रांचे टप्पे त्यांनी मांडले. त्यांचं म्हणणं, साधारण नऊ ते बारा या वयात मूल 'खरं दिसतंय का' हे तपासायला लागतं, शेजारच्याच्या चित्राशी तुलना करतं, आणि याच सुमारास बरीच मुलं 'मला चित्र येत नाही' म्हणून थांबतात. त्यामुळे खडूफळा सर म्हणतात ते कौशल्य नेमकं या वयाला लागतंच.

पण हेच लोवेनफेल्ड नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत आले आणि १९३९ मध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संस्था, वंशभेदाचा काळ. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की तुम्ही जे जगता, तुमची माणसं, तुमचे पूर्वज, ते चित्रात आणा. तिथे प्लंबिंग शिकायला आलेला एक मुलगा त्यांच्या वर्गात येऊन बसला तो चित्रकार होऊनच बाहेर पडला, जॉन बिगर्स. पुढे त्याने आपल्या समाजाच्या जगण्यावर मोठमोठी भित्तिचित्रं केली. ती चित्रं बघा, हात किती पक्का आहे! कौशल्य त्याने भरपूर कमावलं, कारण सांगायला काहीतरी होतं. सहा_बी, मला वाटतं तुझी अडचण इथे आहे. हात आणि आशय यात आधी-नंतर असं काही नसतं, दोन्ही बरोबर चालावं लागतं.

चिकूवाडी
डहाणूकडून लिहितोय. आमच्याकडच्या एका उदाहरणाने चर्चेत भर घालतो.

आजकाल महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत जा, 'वारली पेंटिंग' असतंच. गेरूचा रंग दिलेला माठ, त्यावर दोन त्रिकोण जोडून केलेली माणसं, गोल फिरणारा तारपा नाच. हस्तकलेला पूर्ण मार्क. मुलांना विचारा हे कोण काढतं, कशासाठी काढतं, काहीच सांगता येत नाही.

आमच्याकडे लग्नघराच्या भिंतीवर चौक काढतात. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची बारीक काडी, गेरू किंवा शेणाने सारवलेली भिंत. चौक काढतात त्या सवाशिणी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. मधे पालघट देवी. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ते चित्र शोभेसाठी नाहीच मुळी, ते लग्नातलं काम आहे. मग जिव्या सोमा म्हशे यांनी १९७० च्या दशकात कागदावर, कापडावर रोजचं जगणं काढायला सुरुवात केली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बायकांचं, लग्नापुरतं, भिंतीवरचं चित्र पुरुषाच्या हातून कागदावर येऊन जगभर गेलं. आता या एवढ्या गोष्टीत आठवी-नववीच्या मुलांसाठी किती प्रश्न आहेत बघा. चित्र भिंतीवरून कागदावर आलं तेव्हा त्यातलं काय राहिलं आणि काय गेलं? आधी काढणाऱ्या बायकांची नावं आपल्याला का माहीत नाहीत? मगावर छापलेला तारपा विकला जातो तेव्हा पैसे कोणाला मिळतात?

मी वर्गात हे विचारतो. माझ्या वर्गात वारली मुलंही आहेत आणि बाहेरून आलेल्यांचीही. बाहेरच्या मुलांना सांगतो, तुम्ही तारपा नाच काढू नका, तुमच्या घरी लग्नात काय होतं ते काढा. वारली मुलांनाही जुनंच काढायची सक्ती नाही. आमच्या भागातून बुलेट ट्रेनचं काम चाललंय, एका मुलीने ताडाच्या झाडांच्या रांगेत तिचे खांब काढले, झाडांपेक्षा उंच. आत्ताचे वारली चित्रकारही हायवे, लोकल, उंच इमारती काढतातच की.

पोपटपंची
चिकूवाडी, दंडवत घ्या. आमच्या सोसायटीच्या गेटवर वारली माणसं क्रिकेट खेळतायत, आता जाऊन नीट बघतो आणि कमिटीला प्रश्न विचारतो.

चिंगुताई
कमिटीला प्रश्न विचारायची हिंमत आहे, मानलं!

काळाघोडा
सांजसावली, तुमच्या वर्गात जे आपसूक घडलं त्याची एक पद्धत आहे आणि मी ती गेली काही वर्षं संग्रहालयात आलेल्या शाळांच्या मुलांबरोबर वापरतेय, म्हणून जरा लांबण लावते.

अबिगेल हाउसेन या संशोधक आणि न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये शिक्षण विभाग बघणारे फिलिप येनावाइन, या दोघांनी ती बसवली. तीनच प्रश्न. या चित्रात काय चाललंय? असं कशावरून म्हणतेस? अजून काय काय दिसतंय? शिक्षकाने माहिती द्यायची नाही, चूक-बरोबर म्हणायचं नाही, मूल जे बोललं त्या जागेवर बोट ठेवायचं आणि त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं. एवढंच. जादू दुसऱ्या प्रश्नात आहे, कारण तिथे नुसत्या मताला पुरावा द्यावा लागतो आणि तो चित्रातलाच द्यावा लागतो.

एक उदाहरण देते. अमृता शेरगिल यांचं 'थ्री गर्ल्स', १९३५ मधलं. याच चित्राला १९३७ साली आपल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. तीन मुली शेजारी शेजारी, रंगीत कपडे, मागे खोली नाही, सामान नाही. मी मोठी प्रिंट लावते आणि कोणाचं आहे, कधीचं आहे, काही सांगत नाही. नववीच्या मुली पहिल्यांदा म्हणाल्या, बहिणी आहेत. कशावरून? जवळ जवळ बसल्यात. लगेच दुसरी, जवळ आहेत पण एकीचीही नजर दुसरीकडे नाही. तिसरी म्हणाली, त्यांना बघायला पाहुणे आलेत. कशावरून? कपडे चांगले आहेत आणि चेहरे पडलेत, आमच्या ताईचा पण असाच पडला होता. सगळा वर्ग गप्प. मग मागून एक मुलगा म्हणाला, पण मग पाहुणे कुठे आहेत? आणि एक मुलगी म्हणाली, आपण उभे आहोत ना, तिथे.

मी कितीही व्याख्यान दिलं असतं तरी हे वाक्य मला त्यांच्याकडून मिळालं नसतं. आणि त्यानंतर जेव्हा मी चित्रकर्तीचं नाव, साल, ती पॅरिसला शिकून परत आली होती वगैरे सांगितलं, तेव्हा ते ऐकायला मुलांचे कान टवकारलेले होते, कारण आता ते त्यांचं चित्र झालं होतं.

अवांतर: मुंबईत येणार असाल तर मुलांना महात्मा फुले मंडईच्या, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं नक्की दाखवा. १८६९ ची इमारत, जे.जे.त शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांनी ती शिल्पं केली, आणि त्यात शेतकरी आहेत. कांद्याच्या लिलावाची चित्रं काढणारी मुलं ते शेतकरी बघून काय म्हणतील याची मला खरंच उत्सुकता आहे.

अद्वैताची_आई
'आपण उभे आहोत ना, तिथे.' अंगावर काटा आला.

आरस्पानी
सगळं छान चाललंय पण मी थोडी वेगळी बाजू मांडते. मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते.

'स्वतःच्या आयुष्यातलं काढ' हे वाक्य सगळ्या मुलांना मोकळं करत नाही. ज्याच्या घरी दारू आहे, मारहाण आहे, नुकतंच कोणी गेलंय, त्याला हे वाक्य कोपऱ्यात पकडल्यासारखं वाटू शकतं. तो छत्रीखालची भाजीवाली काढतो कारण ती सुरक्षित आहे, तिच्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. वरच्या प्रतिसादात 'आमच्या ताईचा पण चेहरा पडला होता' म्हणणारी मुलगी त्या दिवशी घरी जाऊन काय विचार करत बसली असेल, हाही विचार व्हायला हवा.

माझ्या मते तीन गोष्टी पाळाव्यात. विषय निवडायला किमान दोन-तीन वाटा द्या आणि त्यातली एक अशी असू दे की जिथे घरातलं काही उघडं करावं लागत नाही. चित्राबद्दल बोलायचं की नाही हे मुलाने ठरवायचं, पास म्हणायची मुभा हवी. आणि कृपा करून चित्रावरून निदान करू नका. घर काळं रंगवलं म्हणून मूल दुःखी असं एका शाळेत ठरवून टाकलं होतं, मी मुलाला विचारलं तर म्हणे, पेटीत तोच खडू उरला होता.

काळाघोडा
@आरस्पानी, पास म्हणायची मुभा आम्ही देतो. पण एक सांगते, दुसऱ्याच्या चित्राबद्दल बोलताना मुलं स्वतःबद्दल बोलतात आणि त्यांना हवं तेवढंच बोलतात. 'चित्रातल्या मुलीचा चेहरा' ही आड असते. म्हणून मी सुरुवात नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी चित्राने करते, मुलांच्या स्वतःच्या चित्रांवर चर्चा खूप नंतर.

आरस्पानी
हे मान्य. दुसऱ्याचं चित्र आधी, हा क्रम मला आवडला.

म्युनिकवासी
आरस्पानी यांनी सुरक्षिततेचा मुद्दा काढला म्हणून फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांच्याबद्दल लिहितो. व्हिएन्नाच्या चित्रकर्ती, जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकलेल्या. डिसेंबर १९४२ मध्ये त्यांना नाझींनी तेरेझिनच्या छावणीत पाठवलं. तिथे त्यांनी मुलांना चित्रकला शिकवली. कागद मिळायचा तो वापरलेला, एका बाजूला काहीतरी छापलेलं, मागच्या कोऱ्या बाजूवर मुलं काढायची. त्या मुलांना रचना शिकवायच्या, लयीचे सराव द्यायच्या, जुन्या चित्रांचा अभ्यास करून घ्यायच्या. म्हणजे 'काय वाटतंय ते काढा' एवढंच नव्हतं, रीतसर शिक्षण होतं. आणि मुलांनी चित्रावर स्वतःचं नाव घालायचं यावर त्यांचा कटाक्ष असायचा. ज्या ठिकाणी माणसांचे क्रमांक केले होते तिथे.

मुलांनी छावणीही काढली आणि फुलपाखरं, घरची जेवणाची टेबलं, गावाकडचे रस्तेही काढले. फ्रीडल यांना ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झला नेऊन मारलं. जाण्याआधी त्यांनी चित्रं बॅगांमध्ये भरून लपवायची व्यवस्था केली. अशी साडेचार हजारांच्या आसपास चित्रं आज प्रागच्या ज्यू संग्रहालयाकडे आहेत, काही पिंकास सिनेगॉगमध्ये लावलेली असतात. मी ती बघितली. खाली नाव, जन्मतारीख, आणि बहुतेकांच्या पुढे मृत्यूची तारीख. फुलपाखरू काढणारं मूल पळ काढत होतं असं मला तिथे उभं राहून म्हणवलं नाही. म्हणून सुरक्षित विषयाला कमी लेखू नये या आरस्पानींच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा.

खडूफळा
म्युनिकवासी, हा प्रतिसाद जपून ठेवला.

वर्धेकर
बाहेरची उदाहरणं चालली आहेत तर घरचंही एक सांगतो. आमच्या सेवाग्रामला नई तालीमच्या, म्हणजे कामातून शिकण्याच्या गांधीजींच्या पद्धतीच्या शाळेत देवी प्रसाद नावाचे कलाशिक्षक होते. शांतिनिकेतनात शिकलेले, १९४४ साली सेवाग्रामला आले. गांधीजींच्या शाळेत सूतकताई, शेती, स्वयंपाक, सफाई हेच शिक्षण, मग चित्रकला वेगळी कशाला, असं कोणालाही वाटेल. पण त्यांनी मुलांच्या चित्रांना त्या कामांशीच जोडलं. मुलं जे दिवसभर करायची, बघायची, तेच कागदावर यायचं. ते स्वतः कुंभारकाम करायचे, फोटो काढायचे. कला हा वेगळा विषय नसून सगळ्या शिक्षणाचं वाहन आहे ही मांडणी त्यांनी केली, आणि ती त्यांनी आपल्याच मातीत, झेडपीच्या शाळेला परवडेल अशा साधनांनी केली. आता सगळीकडे 'कला-समेकित शिक्षण' (इतर विषय कलेतून शिकवणं) म्हणून प्रशिक्षणं होतात, तिथे तीन-तीन तास पॉवरपॉइंट दाखवतात, पण सेवाग्रामचं नाव कोणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

माडाखालचो
प्रशिक्षणाचा विषय काढलात म्हणून. आधी शाळेत कलाशिक्षक तरी असूदे. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराच्या वर पट असेल तर कला शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक द्यावा असं लिहिलंय. आमच्या भागात किती शाळांचा पट शंभराच्या वर आहे? वाडीवरच्या शाळेत वीस पोरं. म्हणजे त्यांना चित्रकलेचा शिक्षक कधीच नाही. आणि जिथे तास आहे तिथे दहावीचं वर्ष आलं की तो तास गणिताला.

चिंगुताई
+१. 'आज ड्रॉईंगचा तास बीजगणिताला दिलाय' हे फळ्यावर वाचलं की काय वाटायचं ते शब्दात सांगता येत नाही.

सांजसावली
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मधल्या काळात काही गोष्टी करून बघितल्या त्या सांगते.

खडूफळा सरांचा तांब्या वर्गात आणला, पण नंतर शाळेच्या मैदानात एका पालकांचा ट्रॅक्टर उभा होता तिथे मुलांना नेलं. उभं राहून बघा, मग मागच्या चाकाशेजारी जमिनीवर बसून बघा, मग तिरकं जाऊन बघा. चाकाच्या खाचांमध्ये वाळलेला चिखल होता, तो पण काढायचा म्हणून मुलींनी पेन्सिलीला टोकं करून घेतली. वर्तुळ कसं मिटत जातं ते मुलांना तिथे जास्त पटलं.

काळाघोडा यांचे तीन प्रश्नही वापरले, आधी दुसऱ्यांच्या चित्रावर. आमचा वर्ग सुरुवातीला 'छान आहे', 'सुंदर आहे' यापुढे जात नव्हता. 'कशावरून' विचारलं की मुलं गप्प, त्यांना वाटतं आपलं चुकलं म्हणून बाई विचारतायत. कारण शाळेत 'कशावरून' हा प्रश्न चुकलेल्यालाच विचारतात! तेव्हा आता मी बरोबर वाटणाऱ्या उत्तरालाही तेच विचारते, मुद्दाम.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. मला शेवटी श्रेणी द्यावी लागते. अशा चित्रांचं मूल्यमापन कसं करायचं? दुःखाचं चित्र काढलं म्हणून ए आणि फुलदाणी काढली म्हणून बी असं तर करता येत नाही.

अद्वैताची_आई
चित्राखाली दोन ओळी लिहायला लावता येतील का, मी हे असं का काढलं म्हणून?

पोपटपंची
त्या दोन ओळींचंही गाईड निघेल बघा. 'हे चित्र माझ्या मनाला भिडते कारण...' रिकाम्या जागा भरा.

तळ्यात_मळ्यात
आशयाला मार्क द्यायचेच नाहीत. निर्णयाला द्यायचे. हे इथे का, हा रंग का, हे मोठं का, हे का गाळलं, यातला एक तरी निर्णय मुलाने स्वतः घेतलाय का आणि दोन रचना करून बघितल्या का, एवढं बघायचं. फुलदाणी काढणाऱ्यालाही पूर्ण मिळतील मग. कच्ची स्केचेस जपून ठेवायला सांगा, त्यात सगळं दिसतं.

खडूफळा
याला माझा दुजोरा. आम्ही रचनेची छोटी छोटी चौकोनी कच्ची चित्रं करून घ्यायचो, त्यात मुलाचा विचार स्वच्छ दिसतो. आणि ग्रेड परीक्षेची भीती बाळगू नका. मी त्या परीक्षेचे पेपर तपासलेत. शेकडो छत्र्या आणि शेकडो भाजीवाल्या बघून झाल्यावर एक वेगळी रचना आली की तपासणारा सरसावून बसतो. फक्त आकृत्या सुटसुटीत हव्यात, पुढचं-मागचं कळायला हवं, कागद भरलेला हवा. एवढं सांभाळलं तर विषयाची मांडणी मुलाने स्वतःची केली म्हणून मार्क जात नाहीत. सहा_बी, तूही ते पाठ केलेले चौघे सोडून दे. रोज स्टेशनवर जाऊन अर्धा तास बस आणि दिसेल तो माणूस काढ, अर्धवट राहिला तरी चालेल. माणसं थांबत नाहीत, तेच बरं असतं.

सहा_बी
सर, नक्की करते. मनमाडला राहते, स्टेशनवर माणसांची कमी नाही!

चिकूवाडी
सांजसावली ताई, एक सुचवू का? तुमच्या वर्गाची आणि माझ्या वर्गाची चित्रं अदलाबदल करू. तुमच्या मुलांना ताड, खाडी, चिकूच्या वाड्या माहीत नाहीत, आमच्यांना लिलाव माहीत नाही. चित्राबरोबर काहीही लिहून पाठवायचं नाही. आपापल्या वर्गात तेच तीन प्रश्न विचारायचे, मुलांना जे वाटलं ते आणि त्यांना पडलेले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून परत पाठवायचे. ओळखीच्या लोकांना चित्र समजावून सांगणं सोपं असतं, ज्याने तुमचं गाव बघितलेलंच नाही त्याला चित्रातून काय पोचलं हे मुलांना कळू दे. आरस्पानी यांच्या सूचनेप्रमाणे ज्यांना पाठवायचं असेल त्यांचीच पाठवू.

सांजसावली
वा! माझी तयारी आहे. सहामाहीच्या आधी एकदा आणि मग जानेवारीत एकदा करू या का? मुख्याध्यापकांशी उद्या बोलते. कागद केवढा घ्यायचा?

चिकूवाडी
ड्रॉईंग वहीचं पान पुरेल. पोस्टाने पाठवताना घडी घालू नका, गुंडाळून नळीत घाला. आणि तेलखडूची चित्रं असतील तर मधे वर्तमानपत्र घाला, नाहीतर एकमेकांना चिकटतात. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.